ओळ कुणाच्या तोंडी आहे, ते आधी पाहा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील गेल्यापासून हरिपाठाला बसलं की तुमचं मन लागत नाही. जुन्या चित्रपटांतल्या ओळी मात्र आतपर्यंत जातात, म्हणून तुम्ही त्या एका वहीत उतरवून ठेवता: ‘एक धागा सुखाचा’, ‘कशाला उद्याची बात’, ‘बाबूमोशाय, जिंदगी बड़ी होनी चाहिए, लंबी नहीं’, इतकंच काय, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा संवादसुद्धा. दादा म्हणतात, ही पोटासाठी लिहिलेली करमणूक आहे, हिच्यात कसला आलाय परमार्थ. आणि तुम्हालाही अधूनमधून शंका येते की अर्थ त्या ओळीत आहे, की आपणच तो तिच्यावर चढवतोय.

मी नारदीय परंपरेतली कीर्तनकार आहे. पूर्वरंगात संतवचनाचं निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, हे माझं काम. चित्रपटातल्या ओळी मी कीर्तनात घेते, अगदी नियमानं घेते, त्यामुळे तुमच्या दादांचा आक्षेप मी श्रोत्यांकडून ऐकला आहे आणि ज्येष्ठ कीर्तनकारांकडूनही. पुढे लिहिते आहे ते या कामातून आलेलं आहे. शास्त्र म्हणून ते घेऊ नका.

आधी प्रश्न जरा नीट मांडून घेऊ. चित्रपटाच्या ओळीत परमार्थ असतो का, याचं उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे. काहीतरी लागतंय म्हणून तर वही भरते आहे. तुम्हाला खरी चिंता आहे ती वेगळी: हे जे मिळतंय ते मला कुठे नेतंय, की नुसतं बरं वाटतंय? याचा निकाल एकट्या ओळीकडे बघून लागत नाही. ती ओळ कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, आणि ऐकणारा कोणत्या अवस्थेत आहे, हे तिन्ही बघावं लागतं.

दादांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो फार काळ तुमच्या डोक्यात राहू नये असं मला वाटतं. पोटासाठी लिहिलेलं म्हणजे हलकं, हा न्याय आपल्या परंपरेनं कधीच लावलेला नाही. होनाजी हा लावणीचा शाहीर. फडावर नाचगाण्यासाठी रचना करणं हा त्याचा व्यवसाय. त्याचीच ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आज महाराष्ट्रात देवघरासमोर पहाटे लागते. ती घरोघरी पोचली तीसुद्धा 1951 सालच्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटातून, वसंत देसाईंच्या चालीवर. सोलापूरचे राम जोशी हेही लावणीचे शाहीर, आणि तेच पुढे मोरोपंतांच्या आर्या घेऊन कीर्तनाला उभे राहिले. देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनंही झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यातल्या साक्या आणि दिंड्या या पद्यरचना कीर्तनाच्या ओळखीच्या होत्या. पुढे नाट्यपदांच्या चाली आम्हा कीर्तनकारांकडे परत आल्या. देऊळ, फड, रंगभूमी आणि पुढे पडदा यांच्यातली ही ये-जा जुनी आहे.

त्याहून बोलकं उदाहरण ‘आधी बीज एकले’ या पदाचं आहे. कितीतरी भजनी मंडळांत ते तुकोबांचा अभंग म्हणून गायलं जातं. गाथेत ते सापडत नाही, कारण ते तुकोबांचं नाहीच. 1936 साली प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी ते लिहिलं आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. चित्रपटासाठी नेमून लिहिलेलं पद लोकांनी थेट तुकोबांच्या नावावर घातलं. दादांना हे जरूर सांगा. पण तुम्हीही यातून एक गोष्ट घ्या: पद तुकोबांच्या तोलाचं वाटलं म्हणून ते तुकोबांचं म्हणायचं नाही. मी ते कीर्तनात घेते तेव्हा आठवल्यांचं नाव घेते. ओळ ज्याची त्याला दिली की तिचं वजन कमी होत नाही. वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर कवीचं किंवा संवादलेखकाचं नाव लिहा, ही माझी पहिली सूचना.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. त्याच ‘संत तुकाराम’ची सुरुवात आठवून पाहा. विष्णुपंत पागनीस तुकोबा होऊन ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ गातात. डोळे मिटलेले, अंग शांत, आवाजात कुठेही कोणाला काही दाखवायची ओढ नाही. मग तेच शब्द आपल्याला तुकोबांचा हेवा करणाऱ्या सालोमालोच्या तोंडून ऐकू येतात. तो ते नाटकी ढंगात आळवतो आणि रचना आपलीच असल्याचं लोकांना भासवतो. शब्द तेच, नाव त्याच देवाचं. तरीही पाहणाऱ्याला, मग तो सात वर्षांचा असो की सत्तर, कोणीही समजावून न सांगता कळतं की पहिल्यांदा जे होतं ते दुसऱ्यांदा नाही. दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांनी निरूपणाचा एक शब्द न वापरता हे दाखवलं आहे. मला चित्रपटांकडे वळवलं ते या प्रसंगानं. शब्द पवित्र असले म्हणून म्हणणं पवित्र होत नाही. मग उलटही खरं असलं पाहिजे: शब्द साधे, बाजारी, व्यवहारातले असले तरी म्हणणारा खरा असेल तर ते आत पोचतात.

म्हणून ओळ वहीत उतरवताना ती कोणाच्या तोंडची आहे आणि त्या माणसावर त्या क्षणी काय वेळ आलेली आहे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्याच यादीतल्या दोन ओळी घेते.

‘कशाला उद्याची बात’. अनंत काणेकरांचं गीत, 1939 सालच्या ‘माणूस’मधलं, शांता हुबळीकरांनी गायलेलं. सुटी ओळ वाचली तर वर्तमानात जगा असा उपदेश वाटतो आणि ती तशी वापरलीही जाते. पण चित्रपटात हे गाणं मैना गाते. ती कोठ्यावर गाणारी बाई आहे आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकांना रिझवायला ते गाते. उद्याची बात तिला नको आहे, कारण तिच्या उद्यात काही नाही. गणपत हा साधा पोलीस शिपाई तिला त्या आयुष्यातून बाहेर काढायला बघतो तेव्हा तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ‘उद्या’ येतो, आणि तेव्हाच ती सगळ्यात जास्त घाबरते. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंचा सगळा चित्रपट त्या गाण्याला उत्तर देतो: प्रेम हरलं तरी माणसानं उद्याकडे चालत राहायचं असतं. आता सांगा, या ओळीतून ‘फक्त आज’ हा बोध काढायचा, की उद्याची भीती वाटणाऱ्या मैनेला आपल्यात ओळखायचं? मला दुसरं खरं वाटतं. वडिलांच्या मागे उद्याचा विचार नको वाटणं तुम्हाला परकं नसेल. त्या अर्थानं ही ओळ तुमची आहे. पण ती तुमचं दुखणं सांगते. औषध तिच्यात नाही, ते चित्रपटात पुढे आहे.

दुसरी ‘आनंद’मधली. चित्रपट 1971 सालचा, हृषीकेश मुखर्जींचा, संवाद गुलजारांचे. आयुष्य मोठं हवं, लांब नव्हे, असं तिथे ज्याला कॅन्सर झालेला आहे आणि दिवस थोडे उरलेत ते ठाऊक आहे, तो आनंद म्हणतो. आणि म्हणतो कोणाला, तर धडधाकट डॉक्टरला, जो रुग्णाला वाचवता येत नाही म्हणून कडवट झालेला आहे. मरणाऱ्यानं जगणाऱ्याला दिलेला तो धीर आहे. हीच ओळ उलट दिशेनं गेली, म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसानं रुग्णाच्या उशाशी बसून म्हटली, तर ती क्रूर होते. समोरचा माणूस लांब आयुष्य मागत असतो, त्याची लेकरं लहान असतात, आणि आपण त्याला सांगतो की लांबीला काय अर्थ आहे. आजारी नातेवाइकांना मोबाईलवर ही ओळ पाठवणारे लोक मी पाहते आणि मला मनापासून वाईट वाटतं. ती म्हणण्याचा अधिकार आनंदला आहे, कारण त्याची किंमत तो स्वतः मोजतो आहे. तुम्ही-मी ती फक्त ऐकायची, आणि ऐकून आपलं आयुष्य तपासायचं.

अधिकाराचा हा विचार मी कीर्तनातून आणलेला आहे. आमच्याकडे प्रमाण वेगळं आणि दृष्टांत वेगळा. प्रमाण म्हणून मी ज्ञानोबा-तुकोबांचं वचन घेते, गीता घेते. चित्रपटाची ओळ कितीही सुंदर असली तरी ती दृष्टांताच्या जागी येते. याचा अर्थ ती खालच्या दर्जाची आहे असा नाही. दृष्टांताशिवाय प्रमाण श्रोत्याच्या घरापर्यंत पोचत नाही. पण दृष्टांत आपल्या जागी राहिला की त्याच्यावर न पेलणारा भार पडत नाही. ‘आनंद’मधल्या संवादातून मृत्यूचं संपूर्ण तत्त्वज्ञान मागायला गेलात तर तो तुटेल. मरणाकडे बघण्याची एक माणसाची एक तऱ्हा म्हणून तो बघितला तर तो आयुष्यभर पुरेल.

मग अर्थ ओळीत आहे की आपण चढवतो? यासाठी मी एक परीक्षा करते. पूर्वरंगात पद आधी गायचं आणि मग तेच चालीशिवाय, पेटी-तबला थांबवून, साध्या बोलण्यात म्हणायचं अशी आमची पद्धत आहे. ती वहीतल्या ओळींना लावा. सुधीर फडक्यांचा आवाज काढून टाका, वसंत देसाईंची चाल काढून टाका, नुसते शब्द स्वतःशी बोला. काही ओळी तिथेच विरून जातात. आपल्याला हलवत होता तो सूर, किंवा ते गाणं ज्या काळात ऐकलं त्या काळाची आठवण. त्यातही वाईट काही नाही. वडील ज्या खुर्चीत बसून ते गुणगुणत ती खुर्ची आठवली तर ती माया आहे, ती जपावी. पण तिला बोध म्हणू नये. चालीशिवाय जी ओळ उभी राहते तिच्याजवळ निरूपणाला बसावं.

‘एक धागा सुखाचा’ अशी उभी राहते, म्हणून तिच्यावर जरा थांबते. चित्रपट ‘जगाच्या पाठीवर’, साल 1960, गीत ग. दि. माडगूळकरांचं. सुखाचा एक धागा आणि दुःखाचे शंभर, हे प्रमाण तुकोबांच्या ‘सुख पाहतां जवापाडें, दुःख पर्वताएवढें’ याच्या शेजारचं आहे. तुकोबा जव आणि पर्वत समोरासमोर ठेवतात. माडगूळकर मात्र धाग्यांची गोष्ट करतात, आणि त्यामुळे एक नवी गोष्ट घडते: सुखाचा तो एक धागा दुःखाच्या शंभरांपासून वेगळा काढता येत नाही. काढायला गेलं तर वस्त्रच उसवेल. आणि या वस्त्राला कवी ‘जरतारी’ म्हणतो! शंभर धागे दुःखाचे असूनही जरतारी. तुमच्या वहीत ही ओळ पहिल्या पानावर आहे असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक या एका शब्दापाशी तुम्ही थांबला असाल.

वस्त्र म्हटलं की गीतेचं ‘वासांसि जीर्णानि’ आठवतं, कबीराची चादर आठवते. इथे घाई करू नये. गीतेत वस्त्र म्हणजे देह, तो टाकून आत्मा नवा देह घेतो. कबीर चादर जशी मिळाली तशीच, डाग न पाडता परत ठेवतो. माडगूळकरांचं वस्त्र म्हणजे आयुष्य. ते अंगड्यापासून सुरू होतं आणि वार्धक्याच्या जीर्ण शालीपाशी येतं. नवं वस्त्र मिळेल असं आश्वासन या गाण्यात नाही. डाग न पाडता परत केल्याचा अभिमानही नाही. आणि शेवटी तो प्रश्न येतो की हे विणतं कोण, आणि त्याला उत्तर मिळतं की त्या विणकऱ्याचे हात त्रिखंडात कोणाला दिसलेले नाहीत.

इथे निरूपण करणाऱ्याला मोह होतो. हात पांडुरंगाचे आहेत असं म्हणून टाकलं की टाळ्या मिळतात. मी तसं म्हणत नाही, कारण गाणं तसं म्हणत नाही. ते न दिसण्यापाशी थांबतं आणि तिथे थांबण्याचं धैर्य त्याच्यात आहे. ज्याच्या घरातून नुकतं माणूस गेलंय त्याला ‘हात दिसले नाहीत’ हे वाक्य ‘देवाची इच्छा’ या वाक्यापेक्षा खरं वाटू शकतं. ती अश्रद्धा नाही. नामदेवांच्या, जनाबाईंच्या अभंगांत देव दिसत नाही म्हणून केलेला किती आकांत आहे ते पाहा.

त्यानंतर लगेच 1961 साली ‘प्रपंच’साठी याच माडगूळकरांनी ‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ लिहिलं, चाल आणि आवाज पुन्हा फडक्यांचा. आधीच्या गाण्यात विणकऱ्याचे हात दिसले नव्हते. इथे घडवणारा समोर आहे, त्याचं नाव घेतलेलं आहे, आणि त्याच्याशी सरळ भांडण आहे: तूच घडवतोस, तूच फोडतोस, डोळे देतोस आणि त्यांच्यापुढे अंधार करून ठेवतोस. दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐका. न दिसणाऱ्यापासून भांडता येण्याइतक्या जवळच्यापर्यंतचं अंतर त्यांच्यात आहे. जनाबाई ‘अरे विठ्या, अरे विठ्या’ म्हणत त्याला शिव्या घालते ती याच जवळिकीतून. हरिपाठाला मन लागत नाही असं तुम्ही म्हणता. माझा अंदाज असा की तुमचं देवाशी भांडण आहे आणि हरिपाठात ते करायला जागा सापडत नाही. मग हे गाणं म्हणा. भांडण ही उपासनाच आहे, संतांनी ती उघडपणे केलेली आहे.

आता ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ ही ओळ तुमच्या वहीत पाहून मला फार बरं वाटलं, कारण ती गोड नाही. ‘सामना’ हा जब्बार पटेलांचा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं. साखर कारखान्याच्या जोरावर अख्ख्या मुलखाचा धनी झालेला हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळूभाऊ फुले. आणि त्याच्या गावात येऊन पडलेला, दारूनं मोडलेला, एके काळचा ध्येयवादी मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुरावानं विकास केलेला आहे, तो दिसतो आहे. मास्तराकडे पद नाही, पैसा नाही, सरळ उभं राहण्याइतकी शुद्धही नेहमी नाही. आहे तो एक प्रश्न. गावातून नाहीसा झालेल्या एका माणसाचं नाव तो घेतो आणि सोडत नाही. बंगल्यात विचारतो, रस्त्यात विचारतो, पाहुणचार घेऊन विचारतो. उत्तर टाळलं की पुन्हा विचारतो. इतक्या सुबत्तेला हा एवढासा प्रश्न पुरून उरतो.

या ओळीचं आध्यात्मिक निरूपण मी अनेकदा असं ऐकलंय: मारुती कांबळे म्हणजे आपल्या आतली सद्सद्विवेकबुद्धी, तिचं काय झालं असं विचारायचं आहे. हे निरूपण अर्धवट आहे आणि मला ते खटकतं. मारुती कांबळे हा माणूस आहे. त्याला नाव आहे, आणि आडनाव कांबळे आहे. गावात कोणाचं नाहीसं होणं पचवता येतं, हे त्या आडनावात लिहिलेलं आहे. त्याला आपल्या आतलं प्रतीक करून टाकलं की तो दुसऱ्यांदा नाहीसा होतो. तुकोबांनी साधू ओळखायची खूण सांगितली ती ‘जे का रंजले गांजले’ यांना आपलं म्हणण्याची, म्हणजे बाहेरच्या, हाडामांसाच्या माणसाशी जोडलेली. तेव्हा ही ओळ घेऊन बसायचं तर आधी बाहेर बघायचं: माझं घर, माझी जमीन, माझी नोकरी ज्यावर उभी आहे त्यात कोणाचं नाव आम्ही घरात घेत नाही? वाटणीत बाजूला पडलेली आत्या असेल, वर्षानुवर्षं राबून अचानक काढून टाकलेला गडी असेल. ते नाव तोंडावर आलं की मग आत काय हलतं ते बघा. आतलं आणि बाहेरचं या क्रमानं जोडलं तरच ते निरूपण.

तुम्हाला माझी सगळ्यात मोठी कसोटी आता कळली असेल. ओळ आपल्याकडून काही मागते का? ‘सामना’मधली मागते. ‘वेडा कुंभार’ मागते, निदान खरं बोलणं मागते. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ शाळेत प्रार्थनेला म्हणतात तेव्हा फार काही मागत नाही. ती ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये कोणत्या माणसांभोवती आहे ते आठवलं की मागते. ते खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी आहेत आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर आहे. 1957 सालच्या त्या चित्रपटाची कथा माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे केलेला कैद्यांच्या मुक्त वसाहतीचा खराखुरा प्रयोग आहे. नेकीची वाट धरू दे असं ज्यानं खून केलाय त्याच्या बाजूनं मागितलं जातं तेव्हा ऐकणाऱ्यापुढे सरळ प्रश्न उभा राहतो: मी अशा माणसाला माझ्या शेतावर उभं करीन का? ज्या ओळी फक्त पाठीवरून हात फिरवतात त्या वहीत असू द्या, पण त्यांच्यावर साधना उभी करू नका.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: ओळ कोणाची आणि कोणाच्या तोंडची ते लिहा, चाल काढून ती म्हणून पाहा, गाण्यात नाही ते तिच्यात घालू नका, आणि ती तुमच्याकडून काय मागते ते शोधा.

यातलं सगळंच तुम्हाला आज लागू होईल असं नाही. किती दिवस झालेत, घरात तुमच्याबरोबर कोण आहे, वडिलांशी तुमचं नातं कसं होतं, यावर ते ठरेल. दुःख अगदी ताजं असेल तर या कसोट्या लावूच नका. वर्षश्राद्धापर्यंत ओळ नुसती ऐका, रडू आलं तर रडा. पाठीवरून हात फिरवणाऱ्या ओळींचा तो काळ असतो. तपासणी नंतर. आणि वहीत एकामागून एक फक्त मरणाच्याच ओळी येत असतील, झोप आणि जेवण तुटलं असेल, तर वही मिटून घरातल्या माणसाशी बोला, डॉक्टरांकडे जा. तिथे निरूपणाचा उपयोग नाही.

वहीची मांडणी मी माझ्यापुरती अशी करते. डाव्या पानावर ओळ, कवी, चित्रपट, म्हणणारा आणि प्रसंग. उजवं पान काही दिवस कोरं ठेवायचं. मग त्यावर आपल्या वागण्यातली एकच गोष्ट लिहायची, जिच्याकडे ओळीनं बोट दाखवलं. ‘माणूस’समोर माझ्या वहीत एका टाळलेल्या पत्राची नोंद आहे. ज्या ओळीसमोर बराच काळ उजवं पान कोरंच राहतं ती ओळ सुंदर असेल, पण सध्या माझी नाही. संतवचन सापडलं तर तेही खाली लिहिते, पण ओढूनताणून नाही. प्रत्येक गाण्याला अभंगाची जोड मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला की दोन्हीकडे खोटेपणा येतो.

हरिपाठ सोडू नका. मन लागण्याची अट त्याला कोणी घातलेली नाही. गाण्यानं मन हललं की त्याच बैठकीत हरिपाठाचा एक अभंग म्हणा, एकच. पुष्कळांच्या बाबतीत, माझ्याही, मन परत लागतं ते असं आडवाटेनं.

आणि दादांशी वाद घालू नका. तेही वडिलांच्या मागे आहेत, हे तुमच्या प्रश्नात कुठे आलेलं नाही म्हणून आठवण करून देते. एखाद्या रविवारी दोघं मिळून ‘संत तुकाराम’ पाहा. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाईला बरोबर चल म्हणतात. गौरीबाईंनी साकारलेली जिजाई घर आणि लेकरं टाकून निघत नाही. दादांना विचारा, तुम्हाला कोण पटलं, तुकोबा की जिजाई. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळवलंत तर आवडेल.